बाळाची पहिली सर्दी

आईने थर्मामीटर पुसून पुन्हा बाळाच्या काखेत लावला. ताप उतरला होता. तरी तिचा जीव भांड्यात पडेना, कारण रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या.

सगळं त्या कार्टीमुळे. भावाला इस्पितळातल्या खोलीच्या काचेपलीकडूनच बघायचं, असं आठ वर्षांच्या थोरलीला शंभरदा बजावलं होतं. आई डबा धुवायला गेली तेवढ्यात ती आत शिरली आणि वाहत्या नाकाने त्याचा पापा घेऊन मोकळी झाली. बाळ शिंकायला लागलं, तशी आईने तिच्याशी बोलणंच टाकलं.

भीतीही तशीच होती. रोगाशी लढणाऱ्या पेशी म्हणे आपल्याच जनुकाचे तुकडे कापतात आणि प्रत्येक पेशी ते निराळ्या तऱ्हेने जोडते. म्हणून कुठलाही नवा जंतू येवो, त्याला ओळखणारी एखादी पेशी निघतेच. बाळाच्या पेशींना हे कापणंच जमत नव्हतं.

"त्यांच्याकडे कात्रीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा दिवसभर लोकांचे कपडे बेतणारी आई रडता रडता हसली होती. शिंपिणीच्या पोटी आला, तोही बिनकात्रीचा!

मग थोरलीच्या हाडातला मगज बाळाला दिला. तो रुजला. पण नव्या पेशी खऱ्या जंतूपुढे उभ्या राहतील का, ते कोण सांगणार?

दार उघडलं.

"याच सर्दीशी लढणारी प्रतिद्रव्यं सापडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण सुईने बाहेरून दिलेली नव्हेत. त्याची त्याने बनवलीत."

"म्हणजे कात्री चालली?"

"चांगली चालली. आता काच पुरे."

आईने त्यांचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? ज्या पेशी लढल्या, त्या कोणाच्या?"

आई तशीच बाहेर आली. बाकावर थोरली अंग चोरून बसली होती.

"आई, माझ्यामुळे बाळ मरणार का गं?"

आई तिच्यापुढे मटकन खाली बसली.

"तुझ्यामुळे जगलंय, माझे बाई. चल आत."

पोरगी जागची हलेना. तिने बाहीने नाक पुसलं.

"अजून वाहतंय माझं."

"वाहू दे," आई म्हणाली, आणि तिने दार सताड उघडलं.