कारध्याची लाल गाडी आणि धानाचं तोरण

मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. माझा आवाज ऐकलात तर आधी दोन पावलं मागे सराल आणि मग हळूच जवळ याल. सगळे तसंच करतात.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नागपूरला एका हौशी मालकाकडे आले. काय माझा थाट होता तेव्हा! बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारी, "किती पळते?" मालक छाती फुगवून आकडा सांगे. मी कशी आहे, हे मात्र कोणी कधी विचारलं नाही. एकदा मालकाने मला दुभाजकावर घातलं, माझं तोंड चेपलं आणि त्याचं माझ्यावरचं मन उडालं ते उडालंच. मी ताडपत्रीखाली पडून राहिले. उंदरांनी सीटांमध्ये संसार थाटले.

मग मला तेजरामने वैनगंगेकाठी कारध्याला आणलं. त्याचं गॅरेज म्हणजे ट्रॅक्टर, पंप आणि धान मळायच्या यंत्रांचा दवाखाना. त्याची मुलगी तृप्ती हिला ड्रॅग रेसचं वेड. सरळ चारशे मीटर रस्ता, वळण नाही, काही नाही. हिरवा दिवा लागला की जीव तोडून सुटायचं. तो रस्ता मी दहा सेकंदांच्या आत पार करावा, एवढंच तिचं स्वप्न.

मित्रांनो, त्या बापलेकीने माझं काय करून ठेवलं, हे आठवलं की अजून मी थक्क होते! आधी मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, तर जोर जास्त. मग वजन उतरवलं. मागची सीट गेली, गालिचा गेला, एसी गेला, रेडिओसुद्धा गेला. दर खेपेला मला राइस मिलच्या वजनकाट्यावर नेत. पुढे धानाचा ट्रक, मागे धानाचा ट्रक आणि मधे मी! काटेवाला हसे, "तेजरामभाऊ, पोरीले जेवाले देत नाही का जी?" आत जाणारी हवा थंड राहावी म्हणून माझ्या पोटात बर्फ भरत. तो यायचा मासे विकणाऱ्यांकडून. परदेशची गाडी मी, आणि अंगाला वास झिंग्यांचा!

तृप्तीने पहिल्यांदा पूर्ण जोर दिला, तेव्हा मिलच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. तेजराम नुसता बघत राहिला. "बाप्पा रे! हे तं जित्ती झाली!" खरं सांगते, मीच घाबरले होते. एवढं बळ माझ्यात होतं?

पण दोन वर्षं धडपडूनही दहाच्या आत काही जमेना. शेड एकच आणि तीत मी पसरलेली. लोकांची मळणी यंत्रं बाहेर उन्हात. शेवटी तेजराम म्हणाला, "तृप्ते, या खेपेस नाही जमलं तं गाडी खोलून टाकू. पार्ट लोकाइच्या कामी येतील." तृप्तीने नाइलाजाने होकाराची मान हलवली. माझे नट-बोल्ट थरथरले.

शर्यत एका जुन्या धावपट्टीवर होती. प्रत्येकाला दोनच संधी. तृप्तीची आई मंदाबाई पहिल्यांदाच सोबत आली होती. घरी नुकतंच नवं धान आलं होतं. नवं धान आलं की त्यांच्याकडे लोंब्यांचं तोरण दाराला बांधतात, ट्रॅक्टरला बांधतात, पंपालाही बांधतात. गाड्यांची तपासणी झाली, आम्ही रांगेत उभ्या राहिलो आणि मंदाबाईने तसंच एक तोरण माझ्या तोंडाला बांधलं. बापलेकीने हात जोडले. वजनासाठी माझा खिळान् खिळा काढणारी ही माणसं, पण तोरण काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही!

हिरवा दिवा लागला. मी अशी सुटले, की काय सांगू! पण अर्ध्यात माझा श्वास अडकला. हवेबरोबर तोंडावरचं तोरण आत ओढलं गेलं होतं. लोंब्यांनी हवेची वाट बंद केली. मी गुदमरले, आणि त्याच क्षणी तृप्तीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

तेजराम धापा टाकत आला. "काहून सोडला वो पाय? मस्त सुटली होती ना!"

"आवाज बदलला, बाबा. तिचा दम कोंडून राहिला होता. दाबून ठेवली असती तं इंजिन गेलं असतं."

"आता एकच खेप राहिली!"

"राहू द्या. तिचा जीव घेऊन मले नंबर नाही पाहिजे."

बॉनेट उघडलं. हवा गाळणाऱ्या फिल्टरवर सोनेरी लोंब्या चिकटलेल्या. मंदाबाईचं तोंड एवढंसं झालं. "माह्याच हातानं झालं हे."

"तू एकटी कायले?" तेजराम म्हणाला. "आमीबी तं पाहूनच राहिलो होतो." त्याने लोंबी न् लोंबी वेचली आणि मंदाबाईच्या ओटीत टाकली. ती माझ्या कपाळावर नुसता तळहात ठेवून बाजूला झाली.

मग शेवटची खेप. मित्रांनो, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत! पुढची चाकं जमिनीवरून सुटल्यासारखी वाटली. रस्ता, माणसं, आभाळ, सगळं एकाच रेघेत ओढलं गेलं. आणि त्या सगळ्या गदारोळात तृप्तीचे हात किती शांत होते! मी पोटभर श्वास घेतला आणि धावले.

वेळेच्या फलकावर पहिला आकडा नऊ होता. लोक ओरडले. तेजराम टाळ्या पिटत सुटला. आता मला कोणी खोलणार नव्हतं.

मंदाबाईने फलकाकडे पाहिलंच नाही. ती धावत माझ्याकडे आली. बॉनेटला हात लावला, चटका बसला, तेव्हा पदर गुंडाळून पुन्हा ठेवला. "लई तापली वो माय! बरी आहेस नं?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं.

तुमच्याकडे सायकल असेल, घरी पंप असेल, शिवणयंत्र असेल. काम खुशाल घ्या, आम्हाला ते आवडतं. पण आवाज बदलला तर पाय उचला, आणि काम झालं की एकदा हात ठेवून विचारा. आम्हाला उत्तर देता येत नाही, मित्रांनो, पण ऐकू येतं.