सातवं दार

ठकीने ते जाडजूड पुस्तक बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "हे वाच. कसं वाटलं ते सांग."

आई गेल्यापासून पोरीच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालं नव्हतं. बाबांनी हातातला घास तसाच ठेवून मान डोलावली.

ते एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायचे. वाचन म्हणाल तर चहा निवेपर्यंत पेपरातले मथळे. पण पोरीने आपणहून काही मागितलं होतं. प्लास्टरचा जबडा वाळेपर्यंत, गुलाबी मेण गरम होईपर्यंत, ते दोन-दोन पानं उरकायला लागले.

"या वयात राजकन्येच्या नादी लागलात?" पॉलिशच्या मशीनवर बसणाऱ्या मिशाळने विचारलं.

"पोरीचा हुकूम आहे."

"मग सुटका नाही."

गोष्ट पुराणातली होती, पण नव्या कपड्यांतली. सोळा वर्षांच्या राजकन्येच्या आईला मृत्यूचा देव घेऊन जातो आणि ही धनुष्य उचलून थेट पाताळात निघते. पाताळाला सात दारं, दर दारावर एक राक्षस. सोबतीला अर्धा माणूस, अर्धा नाग असा देखणा पोरगा. त्याचे डोळे दर दोन पानांनी चमकायचे. बाबांना कंटाळा आला नाही, पण जीवही रमला नाही. नेटाने त्यांनी ते तडीस नेलं.

रविवारी दुपारी ते ठकीच्या गणवेशाला इस्त्री करत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

छान आहे म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ही पोरगी लबाडी लगेच ओळखायची.

"ठीक आहे. अगदीच टाकाऊ नाही. मारामाऱ्या झकास आहेत. मधे मात्र पाणी फार घातलंय, आणि तो नागोबा बोलतो फार. शेवट काही मला पटला नाही."

"काय होतं शेवटी?"

बाबांनी इस्त्री उभी केली. "म्हणजे? तू वाचलं नाहीस?"

"पाचव्या दारापर्यंतच. तिला आई मिळते का?"

"मिळते. सातव्या दारापाशी देव तिच्या धिटाईवर खूश होतो आणि आईला सोडून देतो. दोघी घरी येतात."

"आई तिला काही बोलत नाही? उशीर केलास म्हणून?"

"नाही. का बोलेल?"

ठकी चौकटीचा उडालेला रंग नखाने खरवडत राहिली. मग त्याच सपाट आवाजात म्हणाली, "त्या दिवशी आईने मला हाक मारली होती. मी हेच वाचत होते. एवढं पान संपवून येते म्हणाले. पान संपलं तर तिथे दार उघडत होतं, म्हणून पुढचंही वाचलं. तिने परत हाक मारली नाही. मला वाटलं, तिचं काम झालं असेल."

बाबांनी इस्त्री बंद केली. ते पलंगाच्या कडेवर बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं, एका क्षणात गेली, हाकसुद्धा मारता आली नाही बिचारीला. तेवढाच लोकांच्या मनाला धीर. आणि दर वेळी ही पोरगी शेजारी बसून ते ऐकत होती.

"मी लगेच गेले असते तर ती वाचली असती?"

नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण डॉक्टरांचे शब्द त्यांना तोंडपाठ होते. थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता, असं ते म्हणाले होते. बाबांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही, ठके," ते म्हणाले. "डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. कदाचित वाचली असती. कदाचित नाही."

"तू नाही म्हणशील असं वाटलं होतं."

"म्हणणार होतो." बाबा म्हणाले. "ती दिवसभर हाका मारायची. आपण दोघंही आलो आलो म्हणत बसून राहायचो. त्या दिवशी मी घरात असतो, तर मीही आलो म्हणून बसूनच राहिलो असतो. तुला काय कळणार होतं, ती हाक वेगळी आहे म्हणून?"

ठकी तिथेच खाली बसली आणि रडली. आई गेली तेव्हाही ती रडली नव्हती. बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. जवळ घ्यायला गेले तर तिने अंग आखडून घेतलं, म्हणून त्यांनी नुसता हात तिच्या पाठीवर ठेवला.

त्यानंतर ती बोलायला लागली, पण हसायला नाही. घरात एकटीला बसवत नाही म्हणाली, तेव्हा शाळा सुटली की ती दवाखान्यामागच्या खोलीत येऊन अभ्यास करू लागली. मिशाळ तिला पेरू कापून द्यायचा, ती आभार मानून तो तसाच ठेवायची.

बाबांनी तिचं नाव घेऊन हाक मारली की मात्र ती ताडकन उठायची. एकदा तर हातातला पेला फुटला, तरी काचांवरून धावत आली. तेव्हापासून बाबांना तिला हाक मारायचीच धास्ती बसली. काही लागलं तर ते काम बाजूला ठेवून स्वतःच उठायचे.