खटका बसवलेला गाडा

माझा मुलगा गौरेश दर रविवारी म्हापशाहून पाळी गावी यायचा. सिलिंडर, उकड्या तांदळाचं पोतं, नारळांची गोणी, जे काही जड असेल ते तो अंगणातून सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, चढवून द्यायचा. आमचं घर उंच जोत्यावर आहे, पायऱ्या उभ्या. बायको, देवकी, गेल्यापासून मी एकटा, आणि माझी कंबर खाणीवरच्या गॅरेजातच कामातून गेली.

एका रविवारी पोतं ठेवून त्याने घाम पुसला.

"बाबा, आता पुरे. घर बंद करूया, म्हापशाक चल. रूपालीन तुझी खोली तयार केल्यान."

"आणि हय दिवो कोण लावतलो?"

"दिवो तू लावशीत रे. पोतां कोण चढवतलो?"

घर सोडायचं नव्हतं, म्हणून ओझं वर चढवणारा गाडा करायला घेतला.

भंगारातले दोन लोखंडी चॅनल उभे केले, तळाला जुन्या स्कूटरची चाकं लावली. चॅनलमधून वरखाली सरकेल अशी फळी बसवली. पंप आल्यापासून विहिरीवरचा रहाट पडूनच होता. त्याला हँडल लावून तार गुंडाळली आणि तिचं टोक वरून आणून फळीला बांधलं. पहिल्याच दिवशी हँडल हातातून सुटलं, फळी धाडकन खाली आली आणि नारळ अंगणभर झाले.

शेजारची लक्ष्मी कुंपणाशी उभी होती. "भाऊ, ह्यो गाडो की नारळ फोडूचा यंत्र?"

मग रहाटाला दातेरी चाक आणि त्यात अडकणारा खटका बसवला. आता हात सोडला तरी ओझं असेल तिथेच थांबायचं.

रविवारी गौरेशला खुर्चीत बसवलं. "हात लावू नको." हँडल फिरवलं. टक्, टक्, टक्. पोतं सोप्याच्या बरोबरीला आलं आणि मी ते आत ओढून घेतलं. त्याने बायकोला, रूपालीला, दाखवायला मोबाइलवर सगळं टिपलं.

"जिंकलंस, बाबा! रव हयच, आपल्या घरात."

त्या दिवशी चहाबरोबर त्याने दोन उंडे, आमच्याकडचे गोल पाव, खाल्ले. जाताना त्याचे खांदे हलके झालेले दिसले.

पुढच्या रविवारी पाव विकणाऱ्या पोदेराकडून उंडे घेऊन ठेवले. फोन आला. "बाबा, जड काय नाय ना? मग आज येत नाय. समीक्षाचो क्लास आसा." त्यापुढच्या रविवारीही नातीचं असंच काहीतरी होतं. नंतर फोनही सकाळऐवजी संध्याकाळी यायला लागला.

काल रविवार. सिलिंडरवाला रस्त्यावर सिलिंडर ठेवून गेला. मी खटका काढून खिशात घातला आणि गौरेशला फोन लावला.

"गाडो बिघडलो. खटको पडलो. सिलिंडर रस्त्यारच आसा."

"तू उचलू नको हां! डिचोलीच्या वेल्डराक आताच फोन करतंय. तासाभरात येतलो तो."

"वेल्डर?"

"होय. चांगलो आसा. तुका त्रास नको."

"नको पाठवू," मी म्हटलं. "मीच बघतंय."

खटका जागेवर बसवला. सिलिंडर लोळवत फळीवर आणला, हँडल फिरवलं. अर्ध्यावर दमलो, तेव्हा हात सोडून पायरीवर बसलो. सिलिंडर तसाच अधांतरी थांबला, जराही खाली आला नाही.

गौरेशसाठी आणलेला उंडा संध्याकाळपर्यंत कडक झाला होता. चहात बुडवून मीच खाल्ला.