पहिल्या वर्षीचा दोरा

नंदाताईंनी खिडकीतून आत आलेली वडाची डहाळी बाहेर लोटली, पण खिडकी लावेपर्यंत ती पुन्हा आत शिरली. तोडायची सोय नव्हती. खाली बुंध्याशी महापालिकेची पाटी लागल्यापासून त्या झाडाच्या पानालाही हात लावायची चोरी होती.

"बाबा, मॅडम जिना चढतायत. डोळे मिटून पडा, एक शब्द बोलू नका," संदेश म्हणाला.

"झोप नाही आली तर?" मारुतीरावांनी विचारलं.

"नाटक करा."

कंबरेचं हाड मोडल्यापासून, गेली तीन वर्षं, मारुतीराव या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते. टेंभी नाका हाकेच्या अंतरावर. नवरात्रात देवीचे ढोल घरात ऐकू यायचे, देवी तेवढी दिसायची नाही. खिडकीभर वडच. इमारत पाडून लिफ्टवाली नवी बांधायला बिल्डर तयार होता, पण पन्नास वर्षांपुढचं झाड म्हणून वडाला संरक्षण मिळालं आणि सगळं अडलं. वय कमी ठरलं तर झाड हलवता येणार होतं. नुसतं बघून कुणी ते सांगू शकत नव्हतं. पारंब्या फुटल्या की सगळेच वड म्हातारे दिसतात. इमारतीत जुनं म्हणावं असं बिऱ्हाड आता हे एकच उरलं होतं. मॅडम चौकशीला येणार त्या इथेच.

महापालिकेच्या उद्यान खात्यातल्या रचना मॅडम धापा टाकतच खुर्चीत बसल्या.

"आजी, हे झाड कुणी लावलं, काही आठवतं?"

"मीच लावलं. ह्याच्या बारशाला." नंदाताईंनी संदेशकडे बोट दाखवलं. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला.

संदेश शेहेचाळीस वर्षांचा होता. मॅडमनी ते लिहून घेतलं.

चादरीखाली मारुतीराव चुळबुळले. एके काळी नाक्यावर भाजी आणायला गेलेला हा माणूस गप्पा मारून दोन तासांनी परत यायचा, तोही भाजी विसरून. आज कितीतरी महिन्यांनी घरात नवं माणूस आलं होतं आणि त्यांना झोपेचं सोंग घ्यायचं होतं. याहून मोठी शिक्षा त्यांना कुणी देऊ शकलं नसतं.

चहा आला. मॅडमनी वही मिटली.

"वटपौर्णिमेला मग खाली उतरता का आजी?"

"गुडघे कुठे ऐकतात? बाजारातून फांदी आणवते. ह्याला तर हात लावायचा नाही ना."

"फांदी म्हणे!" मारुतीराव उशीवरून अर्धे उठले. "मॅडम, लग्नाच्या पहिल्या वर्षी हिने ह्याच वडाला फेऱ्या मारल्या. बुंधा केवढा! तिसऱ्या फेरीला दोरा संपला. ही रडकुंडीला आलेली. मी गॅलरीतून बघत होतो. तीन जिने एका दमात उतरलो, वाण्याकडून दुसरं रीळ आणून दिलं. हिरवं लुगडं नेसली होती."

संदेश घाईघाईने म्हणाला, "मॅडम, पडल्यापासून बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहीही बोलतात. आई, सांग ना."

मॅडमनी नंदाताईंकडे पाहिलं. "खरं का आजी? यांना भ्रम होतो?"

मारुतीरावही बायकोकडेच बघत होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. एक 'हो' म्हटलं की झालं, हे नंदाताईंना कळत होतं. लिफ्ट, चाकाची खुर्ची, नाका, देवी, सगळं त्या एका शब्दापलीकडे होतं. त्यांनी पदराने कपाचा काठ पुसला. कप स्वच्छच होता.

"हिरवं नव्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पिवळं होतं."

मॅडमनी आधी लिहिलेलं खोडलं. संदेश त्यांना सोडायला गेला तो आईकडे न बघताच. जिन्यावरची पावलं अगदी शेवटच्या पायरीपर्यंत मारुतीराव कान देऊन ऐकत राहिले.

"बोलायला नको होतं ना मी?"

"नव्हतंच बोलायचं."

नंदाताई कपबशा गोळा करू लागल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याच वेळी ते दुसरं रीळ आठवत होतं. वाण्याने घाईत काळ्या दोऱ्याचं दिलं होतं, तरी त्यांनी तेच गुंडाळलं होतं.

"पिवळंच होतं, नाही का," मारुतीराव म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अगं, त्या मॅडम परत येतील का गं?"