शेंदऱ्याच्या अंगावरचं तेल

सातपाटीला होडी किनाऱ्यावर ओढून आणली, की तिच्या फळ्यांना माशांचं तेल चोळायला लोक देवूला बोलावत. त्याच्यासारखा सढळ हात गावात कुणाचा नव्हता. तेल लाकडात जिरेपर्यंत तो चोळत राही, आणि होडीच्या पोटाला तर जास्तच, कारण कीड तिथून शिरते. त्याची बायको जमुना पालघरच्या बाजारात सुके बोंबील विकायला बसे. ती गेली की वाळत घातलेल्या मासळीची राखण त्यांचा तांबूस कुत्रा शेंदऱ्या करी. तो तिथे असला की कावळे लांबूनच ओरडत.

त्या उन्हाळ्यात शेंदऱ्याला पिसवा झाल्या. खाजवून खाजवून पाठीवरचे केस गेले. शेजारच्या कमळीने एक दिवस तोंडावरच सांगितलं, "जमुने, तुजा कुत्रा या मासळीत लोळला, तर मी माजे बोंबील तुज्या बाजूला घालायची नाय."

म्हणून जमुनेने बाजारातल्या तात्याला विचारलं. तात्या तेलं, अत्तरं आणि उदबत्त्या विकायचा, आणि औषधं फुकट सांगायचा. त्याने निलगिरीच्या तेलाची बाटली पुढे केली.

"हे चोळ. एक पिसू राहणार नाही."

"कुत्र्याला चालतं ना तात्या?"

"अगं, पोरांच्या छातीला लावतात. कुत्रं काय पोरापेक्षा नाजूक?"

"आणि पातळ करून लावायचं का?"

"पातळ केलं की गुण गेला. आहे तसंच लाव."

दुसऱ्या दिवशी बाटली देवूच्या हाती देऊन जमुना बाजारात गेली. देवूने शेंदऱ्याला वाळूत आडवं केलं आणि आपल्या हाताच्या सवयीने अख्खी बाटली त्याच्या अंगात जिरवली. दोन्ही कुशी, शेपटीचं मूळ, आणि पोट तर दोनदा.

जमुना परतली तेव्हा तिला वाटेवरच वास आला. शेंदऱ्या रोज तिच्या मासळीच्या पाटीला नाक लावायला धावत यायचा, तो आला नाही. अंगणात तो उभा राहू पाहत होता. मागचे पाय एकीकडे, तो दुसरीकडे. तोंडातून लाळ गळत होती, आणि तशातही मान वळवून तो आपली कूस चाटत होता.

"किती लावलंस?"

"सगळं," देवू म्हणाला. "हात आखडला तर कीड राहते."

"तो होडी हाय का? होडी सोताला चाटते?"

देवूचा चेहरा उतरला. "मीठपाणी पाजून वकवू का त्याला?"

"तुजी अक्कल आजच्यापुरती पुरे. सायकल काढ, गुरांच्या डॉक्टरला विचारून ये."

तो गेला, तशी जमुनेने एका जुन्या टोपलीचं बूड फाडलं आणि ती शेंदऱ्याच्या गळ्यात अडकवली. आता त्याची जीभ अंगापर्यंत पोचेना. मग कपड्याचा साबण घेऊन तिने त्याला घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. देवू धापा टाकत परत आला. डॉक्टरांचा निरोप तोच होता: साबणाने धुवा, चाटू देऊ नका, गोधडीत ऊब द्या. आणि उलटी तर मुळीच करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर कुत्रा हातचा जाईल. निरोप सांगता सांगताच देवूने गोधडी आणली.

सकाळी शेंदऱ्याने भाताची पेज चाटली. तोवर जमुनेला रागवायला फुरसत नव्हती. आता ती मिळाली.

पुढचं काम मात्र देवूला सांगावं लागलं नाही. कुत्रा झोपायचा तो जुन्या जाळ्यांचा ढीग त्याने उलटला, तर पिसवांचं गाव तिथेच होतं. जाळ्यांना रंग चढवायच्या मोठ्या हंड्यात त्याने ती जाळी आणि कुत्र्याची गोणपाटं उकळली, जागा झाडली, आणि सगळं कडक उन्हात टाकलं. पण तो जवळ गेला की शेंदऱ्या उठून लांब जाऊन बसे. देवू नुसता हात पुढे धरून उभा राही.

ते बघून जमुना रिकामी बाटली घेऊन तात्याच्या दुकानात गेली.

"वाचला ना कुत्रा?" सगळं ऐकून तात्या म्हणाला. "मग भांडतेस कशाला? नवऱ्याने जास्त लावलं, त्यात माझा काय दोष?"

"नवऱ्याचं मी घरी बघितलं. मी पातळ करायचं विचारलं, तवा तुमी काय बोललात?"

तात्या तराजू पुसू लागला.

बाटलीच्या तळाशी दोन थेंब राहिले होते. जमुनेने ते त्याच्या तळहातावर पाडले. "चाट."

"हे काय खायची वस्तू आहे?"

"मग कुत्र्याला ते कोण सांगणार? त्याच्या अंगावर जे जातं, ते पोटात जातं. तुला ठाऊक नव्हतं, तर नाय ठाऊक म्हणायचं होतंस. पोराचं नाव कशाला घेतलंस?"

तात्याने हात धोतराला पुसला. गिऱ्हाइकं बघत होती.

त्या दिवसापासून जमुनेने आपली जागा बदलली. तिची पाटी तात्याच्या दुकानासमोर आली. निलगिरीची बाटली घेऊन कुणी पायरी उतरलं, की ती विचारी, "घरात कुत्रा हाय का? मग बस इथं, सांगते."

शेवटी तात्याच बाहेर आला. "किती दिवस बसणार आहेस इथे?"

जमुनेने बोंबलांवरची माशी हाकलली.

"शेंदऱ्या माज्या घोवाच्या हाताला परत नाक लावील, तवर."