बरणीतली मूठ

“कुठे दुखते ते बोट ठेवून दाखव,” प्राध्यापक म्हणाले.

वाउटरने उजव्या हाताचे बोट दुमडलेल्या डाव्या बाहीच्या टोकापुढे दीड वितीवर, हवेतच टेकवले. “हितं. तळहातात. नखं रुतत्यात.”

बाकांवरचे विद्यार्थी हसले. त्याचा तो हात समोरच्या टेबलावर, मद्यार्काच्या बरणीत होता. मूठ गच्च आवळलेली. दोन वर्षांपूर्वी लायडेनच्या लोकरी कापड कुटायच्या गिरणीत लाकडी हातोड्याने त्याच्या हाताचे हाड चिरडले. शल्यवैद्याने कोपराखाली हात कापला आणि विद्यापीठाला देऊन टाकला. वाउटरला विचारावे, तर तो शुद्धीवर नव्हता.

त्याची बायको नेल्ट्ये म्हणायची, तुटलेला अवयव वाकडा पडला तर तो ज्याचा, त्याला पेटके येतात. तो सरळ केला की थांबतात. गिरणीच्या गल्लीत हे सगळ्यांनाच ठाऊक होते. म्हाताऱ्या खेरितचा पुरलेला पाय उकरून सरळ केला, तेव्हा कुठे त्याचा डोळा लागला. “विद्यार्थ्यांपुढे एकदा बोल, मग मूठ उघडू,” असे प्राध्यापकांनी कबूल केले होते, म्हणून वाउटर आला.

“आत्मा मेंदूत असतो,” प्राध्यापक सांगत होते. “मज्जातंतू म्हणजे घंटेची दोरी. मध्येच कुठेही ओढा, घंटा वरच वाजते. ऐकणाऱ्याला वाटते, दाराशी कोणी आले.”

धर्मशास्त्राचे पंडित पहिल्या बाकावरून उठले. “ज्याला देहच नाही, तो आत्मा दोरीने हलतो कसा? गाठ कुठे मारलीत? आत्मा सगळ्या शरीरात असतो, प्रत्येक भागात अख्खा.”

“मग बरणीतही असेल. विचारा त्याला.”

पुन्हा हशा पिकला. पंडित वाउटरकडे वळले. “तूच सांग. तुझा आत्मा या बरणीत आहे?”

चुकीचे उत्तर रविवारी चर्चमध्ये महागात पडेल, हे वाउटरला कळत होते. “आत्म्याचं मला काय कळतं, साहेब? तेवढी मूठ उघडा.”

“मेलेले मांस आहे ते. उघडून काय होणार?” प्राध्यापक म्हणाले.

“काय नाय झालं, तर तुमचंच खरं.”

प्राध्यापकांचा हात झाकणावर गेला.

“आणि दुखणे थांबले तर?” पंडितांनी हळूच विचारले.

हात झाकणावरून खाली आला. “नमुना खराब होईल,” प्राध्यापक म्हणाले. पंडितांनीही आग्रह धरला नाही. दुखणे थांबले नसते तर त्यांचीही पंचाईतच होती. दोघे लॅटिनमध्ये भांडू लागले. नोकराने बरणी पुसून फळीवर ठेवली.

बाहेर कालव्याच्या पुलावर नेल्ट्ये टोपली घेऊन उभी होती. “उघडली?”

“नमुना खराब होतो म्हणे.”

“आन् माणूस?”

“तो आधीच खराब आहे.”

ती हसली नाही. “कोण जिंकलं?”

“माझं काम संपल्यावर लॅटिन सुरू झालं.”

नेल्ट्येने टोपली कठड्यावर ठेवली. “कुठंय? नीट दाखव.”

त्याने हवेत जागा दाखवली. पुलावरची एक मासळीवाली टक लावून बघत होती. नेल्ट्येने तिच्याकडे पाठ केली. त्या रिकाम्या जागेखाली तिने डावा तळवा धरला आणि उजव्या हाताने करंगळीपासून एकेक बोट उलगडायला सुरुवात केली. घाई केली नाही.

ती अंगठ्यापाशी आली, तेव्हा वाउटर म्हणाला, “हळू.”