मागची गाडी

मी फौजेत कधीच नव्हतो, हे आधी सांगून टाकतो. लखनौच्या छावणीत सामानाच्या कोठारात वीस वर्षं कारकुनी केली, एवढाच माझा पराक्रम. नोकरी सोडून लिलावातला फौजेचा जुना ट्रक घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायको, पद्मिनी, म्हणाली, "अहो, तुम्हाला सायकलचं पंक्चर काढता येत नाही." खरंच होतं. म्हणून मी आत्माराम शिंद्यांना बरोबर नेलं. ते साताऱ्याकडचे, फौजेत बावीस वर्षं ड्रायव्हर, पेन्शनीत निघाल्यावर इथेच राहिलेले.

लिलावाच्या मैदानात पंधरा-वीस ट्रक गवतात उभे होते. मला एक चकचकीत आवडला. आत्मारामांनी त्याच्याखाली आडवं होऊन पाहिलं आणि अंग झाडत उठले. "हरिहरराव, रंगावर जाऊ नका. ह्याची चेसिस तुटून जोडलेली हाय." त्यांनी निवडला तो चेपलेल्या दरवाजाचा. तेलाची कांडी काढून तेल बोटांत चोळलं, वास घेतला, चारही चाकांना जोर देऊन चिखलातून दोन फेऱ्या मारल्या. "तेल पिईल, पण कंबरभर पाण्यातनं जाईल," म्हणाले.

प्यायचा तर खराच. सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नसत, भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागत. पण चढ असो की चिखल, गडी कधी अडला नाही. आत्माराम चालवायचे, मी शेजारी बसायचो. नोंदणी देताना हिरवा रंग बदलायची अट घातली होती. आत्माराम रोज टोकायचे, "हा रंग काढा. तो आपला न्हाई." मी म्हणायचो, दिवाळीला काढू. कारण जकातीच्या चुंगीनाक्यावर बाकीचे ट्रक रांगेत ताटकळायचे आणि माझ्यासाठी बांबू वर जायचा. एकाहत्तरची लढाई होऊन दोनच वर्षं झाली होती. हिरवा ट्रक दिसला की म्हातारेकोतारे सलाम ठोकायचे. मी खाकी शर्ट शिवून घेतला, इथवर माझी मजल गेली. सलाम आला की मी गंभीरपणे मान हलवायचो. लाज वाटायला हवी होती, मला गुदगुल्या व्हायच्या.

त्या भाद्रपदात गोमती चढली. आत्माराम तापाने पडले होते आणि एका ठेकेदाराचं परमिटचं सिमेंट गोदामातून तातडीने हलवायचं होतं. मला तोवर बरं चालवता यायला लागलं होतं, म्हणून मी स्वतःच ट्रक काढला. निशातगंजच्या खालच्या अंगाला रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. एका चबुतऱ्यावर तिघं जण होती. एक बाई, तिचा नवरा, आणि खाटेवर आडवी एक म्हातारी. मला पाहताच बाई ओरडली, "फौज आ गई! अम्मा, फौज आ गई!"

ती पाण्यात उतरून दाराशी आली. "साहब, सास को लकवा है. बस बाँध तक छोड़ दीजिए."

बांध अर्ध्या मैलावर होता. ताडपत्री सोडायची, भर पावसात खाट पोत्यांवर चढवायची. सिमेंट भिजलं की दगड. माझी अडचण एवढीच होती. बाई, ही खासगी गाडी आहे, जागा नाही, असं मला सांगता आलं असतं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या आणि दुसरी सोय पाहिली असती. पण तो शर्ट अंगावर असताना ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "ऑर्डर नहीं है, बहनजी. पीछे दूसरी गाड़ी आ रही है. यहीं रुकिए."

"जी साहब," म्हणून ती बाजूला झाली. इतक्या चटकन माझ्यावर आयुष्यात कुणी विश्वास टाकला नव्हता. मागे कसलीही गाडी नव्हती.

सिमेंट कोरडं पोचलं. पोती उतरवून परत जाऊ, असं मी मनाशी म्हणत होतो. उतरवता उतरवता चार वाजले. रस्ता बंद झाला, असं कुणीतरी म्हणालं आणि मी ते लगेच मानलं. माझ्या ट्रकला कंबरभर पाण्याची भीती नव्हती. मला परत जायचं नव्हतं, एवढंच.

तीन दिवसांनी आमच्या मराठी मंडळींनी एका शाळेत आसऱ्याला आलेल्यांना पुरी-भाजी वाटली. ट्रक अर्थातच माझा. पद्मिनी वाढत होती, मी भाजीची बादली घेऊन तिच्यामागे. पंगतीत ती बाई बसली होती. शेजारी नवरा, डोकं भादरलेलं, पुढ्यात पान नाही.

आता ती ओरडेल, सगळ्यांदेखत माझी अब्रू काढेल, असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने पदर सारखा केला आणि हात जोडले.

"साहब, हम शाम तक वहीं थे. दोपहर में एक दूधवाला नाव लेके आया था. मैंने ही लौटा दिया, कि फौजी साहब बोल गए हैं. फिर पानी और चढ़ा तो ये अम्मा को पीठ पे लेके निकल पड़े. मैं कहती रही, रुको, गाड़ी आएगी. रास्ते में पीठ से छूट गईं. साहब, गाड़ी आई थी न बाद में?"

नवरा माझ्याकडे पाहत होता. तीन दिवस तो बिचारा हेच ऐकत असणार. माझ्या एका शब्दाने सुटला असता. पद्मिनीने हात थांबवून विचारलं, "कसली गाडी हो?"

"आई थी," मी म्हणालो. "थोड़ी देर हो गई, लेकिन आई थी."

बाई नवऱ्याकडे वळली. "सुना?"

त्याने मान खाली घातली. मी बादली उचलली आणि पुढच्या पानावर भाजी वाढली.